प्रौढ माणसाने गोड कादंबऱ्या वाचाव्यात काय?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. शाळा सुटून मुले घराकडे वळली होती आणि आम्ही शिक्षकांच्या खोलीत निबंधाच्या वह्या तपाशीत बसलो होतो. इतक्यात नववीतील एका मुलीचे वडील आत आले. नमस्कार झाला, पाऊसपाण्याची विचारपूस झाली, आणि मग त्यांनी पिशवीतून एक जाडजूड कादंबरी काढून टेबलावर ठेवली. मुखपृष्ठावर चंद्र, राजवाडा आणि घोड्यावर बसलेला एक तरुण अशी सर्व सामग्री होती. "सर," ते म्हणाले, "ही पोरीच्या दप्तरात सापडली. आपण कुलपात ठेवा आणि तिला चार शब्द सुनवा. असल्या पुस्तकांनी पोरी हातच्या जातात." आम्ही गंभीर मुद्रेने पुस्तक ठेवून घेतले व उपदेश करण्याचे वचन दिले.

पुस्तकात काय आहे हे पाहिल्यावाचून उपदेश कसा करावा, या सबबीवर ते आम्ही घरी नेले. जेवणानंतर दहा पाने चाळावी म्हणून उघडले. मध्येच वीज गेली, तेव्हा बॅटरीच्या उजेडात वाचीत राहिलो. राजकन्येचा शाप सुटला, दोघांचा विवाह झाला, तेव्हा कोठे आम्ही निजलो. घड्याळात दीड वाजून गेला होता. दुसऱ्या दिवशी ती मुलगी समोर उभी राहिली असता उपदेशाचा एकही शब्द आमच्या तोंडून निघेना. "अभ्यास नीट कर, बाळ," एवढेच कसेबसे बोललो.

वाचकहो, आता लपवून काय उपयोग? ही आमची पहिली चोरी नव्हती. आम्ही पदवीधर आहो, वयाची चाळिशी उलटली आहे आणि मुलांस व्याकरण शिकविण्यात वीसएक वर्षे गेली आहेत. परंतु आमच्या घरच्या कपाटात व्याकरणाच्या ग्रंथांमागे दुसरी एक रांग आहे. तीत प्रेमाच्या गोड कादंबऱ्या आहेत, उडते घोडे आणि बोलकी झाडे असलेल्या अद्भुत कथा आहेत, आणि त्या सर्वांस वर्तमानपत्राची वेष्टने घातलेली आहेत. पाहुणा आला की आम्ही पुढची रांग दाखवीत असू. प्रौढ माणसाने असले वाङ्मय वाचणे हा दोष आहे काय, आणि दोष नसेल तर ही वेष्टने कशासाठी, हा प्रश्न त्या रात्रीपासून आम्हांस सतावू लागला. त्याचा विचार विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे मांडावा म्हणून हा लेख.

हा वाद आजचा नव्हे. मराठी कादंबरीइतकेच त्याचेही वय आहे. १८५७ साली बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहिले. तीच मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते. विधवांची दुःखे लोकांपुढे ठेवणे हा तिचा हेतू. पण तिच्याही शेवटी यमुनेचा पुनर्विवाह होतो, हे आपण विसरतो. त्यानंतर चारच वर्षांनी, १८६१ साली, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि अद्भुतरम्य प्रेमकथांचा ओघ सुरू झाला. त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणण्यास आरंभ केला व पुढे त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांनी ते काम तडीस नेले. सॉक्रेटिसाचे चरित्र लिहिणाऱ्या या विद्वान शास्त्रीबोवांस दिव्यातून निघणाऱ्या राक्षसाची लाज वाटली नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आक्षेप घेणारेही लवकरच पुढे आले. १८७२ साली काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल व नाटक' या विषयावर निबंध प्रसिद्ध करून या कथांच्या असंभाव्यपणावर टीका केली. ती टीका पुष्कळ अंशी योग्यही होती. परंतु तिच्या आधीच नारो सदाशिव रिसबूड यांनी 'मंजुघोषा' या आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत एक मार्मिक गोष्ट सांगून ठेविली होती. तिचा आशय असा, की आपल्या समाजातील विवाहाच्या चालीमुळे आणि इतर कारणांमुळे नित्याच्या आयुष्यात मन गुंगावे असे काही घडतच नाही. म्हणून मनोरंजक ग्रंथ लिहू पाहणाऱ्यास अद्भुताचाच आश्रय करावा लागतो. मुलामुलींची लग्ने पाळण्यातून उतरताच ठरत, त्या काळी कोणी कोणास पसंत केले अशी कथा खऱ्या गावात कशी घडणार? ती गंधर्वनगरीतच घडावयाची! आपल्या मराठीत प्रेमकथा आणि अद्भुतकथा या दोघी बहिणींसारख्या हातात हात घालून आल्या, त्याचे एक कारण हे होय.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की या गोष्टी खोट्या असतात. परंतु खोटे म्हणजे काय? जे खरे नसून खरे म्हणून मिरविते ते खोटे. उडता घोडा वाचणारा कोणीही दुसऱ्या दिवशी बाजारात घोड्याचे पंख शोधीत नाही. उलट रोज सकाळी मोबाइलवर जे निरोप फिरत असतात, त्यांतील कित्येक धादांत असत्य असूनही सत्याचा अंगरखा घालून येतात, आणि आपण प्रौढ माणसे ते विश्वासाने पुढे पाठवितो. कल्पित कथा वाचून सवयीचा झालेला वाचक निदान कल्पित आणि सत्य यांतील कुंपण ओळखू शकतो.

दुसरा आक्षेप असा, की हे पळपुटेपणाचे वाचन आहे. यावर इंग्लंडातील प्राध्यापक टोल्किन यांनी १९३९ साली परीकथांविषयीच्या एका व्याख्यानात उत्तर दिले होते. तुरुंगातील कैद्याची सुटका आणि रणांगणातील शिपायाचे पलायन या दोन गोष्टी टीकाकारांनी एक समजू नयेत, असा त्यांचा भाव होता. आणि हे बोलणारे गृहस्थ पहिल्या महायुद्धाचे खंदक स्वतः पाहिलेले होते.

पण इतके दूर कशाला जावे? आपले नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधवराव पितळे, तरुणपणी शिकारीच्या वेळी कड्यावरून पडले व कायमचे पंगू झाले. पाय गेले, तेव्हा त्यांनी लेखणी हाती घेतली. १९१३ साली त्यांची 'वीरधवल' ही अद्भुतरम्य कादंबरी निघाली आणि तिने मराठी वाचकांस वेड लावले. आता याला पळणे म्हणावे काय? ज्यास अंथरुणावरून उठता येत नाही, त्याने मनाने किल्ले चढून यावे आणि येताना हजारो घरांस सोबत न्यावे, यास आम्ही तरी पराक्रम म्हणू. याच हाताने पुढे सामाजिक प्रश्नांवरील कादंबऱ्या आणि शिवकालीन स्वराज्याच्या कथाही लिहिल्या. अद्भुताची गोडी असलेला मनुष्य वास्तवास नालायक ठरतो, हा समज त्यांच्या चरित्राने खोटा पाडिला आहे.

आपल्या परंड्याचेच पाहा. आपल्या किल्ल्यात एके काळी 'मुलूखमैदान' तोफ होती. १५४९ साली अहमदनगरास ओतलेली ही तोफ १६३२ साली येथून विजापुरास नेण्यात आली. इतिहास एवढेच सांगतो. परंतु बुरुजावर सहलीस नेलेली मुले तेवढ्यावर थांबतात काय? ती तोफ रात्री ओरडत असे काय, तिच्या तोंडात माणूस निजू शकत असे काय, असे शंभर प्रश्न ती विचारतात. आणि सोबत आलेले पालक त्यांस गप्प करण्याऐवजी आपापल्या आजोबांकडून ऐकलेली एकेक गोष्ट हळूच जोडून देतात! श्रावणातील कहाण्या आमच्या भागातील आजीबाईंनी वयाच्या सत्तराव्या वर्षीही ऐकल्या व सांगितल्या. शेवट 'सुफळ संपूर्ण' झाल्यावाचून त्यांस चैन पडत नसे. तेव्हा प्रौढ वयात गोड शेवटाची ओढ असणे ही काही इंग्रजी शिक्षणाने लावलेली खोड नव्हे. पावसाने दगा दिलेला, दिवाळीच्या सुमारास कित्येक कुटुंबांनी कोयता घेऊन ऊसतोडीस जाण्याचा हा मुलूख. येथील माणसाने दिवसभर राबून रात्री दोन घटका अशा गावी जाऊन यावे, जेथे पाऊस वेळेवर पडतो आणि सज्जनांचे भले होते, तर त्यात लाज कसली? सकाळी तो पुन्हा आपल्याच शेतावर उभा असतो.

तिसरा आक्षेप मात्र आम्ही हसण्यावारी नेत नाही. अशा पुस्तकांनी मन बिघडते, असे त्या पालकांचे म्हणणे होते. हे काही पुस्तकांविषयी खरे आहे. नायिका नको म्हणत असता नायक तिची पाठ सोडीत नाही आणि अखेरीस ती त्यालाच वरते, अशा कादंबऱ्या आम्ही अर्ध्यावर मिटून ठेविल्या आहेत. गोऱ्या रंगापलीकडे जिच्या नायिकेस दुसरा गुण नाही, तीही आम्हांस नको. आणि कितीही चांगली झाली तरी केवळ अशीच पुस्तके वाचणे हे रोज पुरणपोळीवर राहण्यासारखे आहे. अंगी बळ येण्यास भाकरीच पाहिजे. इतिहास, शास्त्र, चरित्रे ही ती भाकरी होय. पण म्हणून सणाच्या दिवशीही पुरण शिजू नये काय?

आता त्या मुलीची गोष्ट पुरी करतो. त्या दिवसानंतर तिने शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तक नेणेच सोडून दिले. दोन महिने तिच्या नावापुढील रकाना कोरा राहिला. आम्ही विचारले तेव्हा खाली मान घालून ती म्हणाली, "सर, वाचले की घरात बोलणी बसतात. मोठी माणसे तर वाचीतच नाहीत. मग आम्हीच कशाला?" हे वाक्य आमच्या वर्मी लागले. कारण मोठी माणसे वाचीत होती. फक्त ती वर्तमानपत्राच्या वेष्टनात लपून वाचीत होती.

आम्ही तिचे पुस्तक कपाटातून काढून दिले. शेवटच्या प्रकरणात आमचे बार्शीच्या एस. टी.चे तिकीट खूण म्हणून तसेच राहिले होते. ते पाहून तिने मान वर केली. "आपण वाचलीत?" "होय, दोनदा," आम्ही म्हणालो. पुष्कळ दिवसांनी ती हसली.

संध्याकाळी आम्ही तिच्या वडिलांच्या दुकानी गेलो व सर्व हकीकत सांगितली. बोलता बोलता खरे कारण बाहेर आले. घरातील वडीलधाऱ्यांनी मुलीसाठी स्थळ पाहण्याची भाषा सुरू केली होती. मुलगी पंधरा वर्षांची! वडिलांस ते मनातून नको होते. पण मुलीच्या हाती प्रेमाची कादंबरी दिसली तर घरच्यांच्या हाती आयतेच कोलीत मिळेल, ही त्यांची भीती. आम्ही म्हणालो, "अहो, या पुस्तकात राजा कन्येस विचारल्यावाचून तिचे लग्न ठरवितो आणि ती भर दरबारात नाही म्हणते. पुढे ज्याला ती वरते, तो आधी तिचे म्हणणे ऐकून घेतो. यात बिघडण्यासारखे काय आहे? अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न करू नये हे कायदा सांगतो. पण माझे मत विचारात घ्या, हे म्हणण्याचे धैर्य मुलीस कोठून मिळावे?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग वजनाचा काटा पुशीत म्हणाले, "आणि राजा काय करतो शेवटी?" आम्ही म्हणालो, "वाचून पाहा."

त्यांनी ती वाचली की नाही, हे आम्ही विचारले नाही. मुलगी यंदा दहावीत आहे, आणि ग्रंथालयातील तिचा रकाना पुन्हा भरू लागला आहे, एवढे आम्हांस ठाऊक आहे.

रिसबुडांच्या काळी पसंतीची कथा गंधर्वनगरीतच घडू शकत होती. ती आपल्या गावात घडावी, मुलीस विचारल्यावाचून तिचे आयुष्य ठरू नये, असे ज्यांस वाटते, त्यांनी या गोड कथांकडे तुच्छतेने पाहू नये. मनुष्य जे आधी कल्पनेत पाहतो, तेच पुढे व्यवहारात मागू लागतो.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे. मुलांच्या हातचे पुस्तक हिसकावण्यापूर्वी ते एकदा स्वतः वाचावे. वाईट असेल तर ते का वाईट, हे त्यांच्याशी बोलावे. चांगले असेल तर तसे सांगण्यास लाजू नये. आठवड्यातून एक रात्र तरी मोबाइल बाजूस ठेवून घरातील एकाने वाचावे व इतरांनी ऐकावे. विद्यार्थ्यांस सांगणे एवढेच, की पुरण खावे, पण भाकरी टाकू नये.

आमच्यापुरते म्हणाल, तर या दिवाळीच्या सुट्टीत कपाट झाडताना आम्ही सर्व वेष्टने काढून टाकिली. व्याकरण आणि उडता घोडा आता एकाच रांगेत शेजारी उभे आहेत, आणि अद्याप त्यांचे भांडण झाल्याचे आमच्या कानी आलेले नाही.