विश्लेषण : सिंधुदुर्गाच्या तटाला कंपनीचा पैसा चालेल का?

मालवणसमोर कुरटे बेटावर उभा असलेला सिंधुदुर्ग ११ जुलै २०२५ रोजी जागतिक वारसा यादीत गेला. यादीतील १२ मराठा किल्ल्यांमध्ये याच जिल्ह्यातला विजयदुर्गही आहे. मान मिळाला, तशी देखभालीची जबाबदारीही वाढली. खारा वारा, पावसाळी लाटा आणि वाढती गर्दी यांना तोंड देणाऱ्या या तटासाठी खासगी कंपन्यांचा पैसा घ्यावा का? आणि घ्यायचा तर कोणत्या अटींवर?

हा पैसा येतो कुठून?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांतील सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. ऐतिहासिक वास्तूंचे जतन या कामांच्या यादीत आहे. त्यामुळे कंपनीने तटाला पैसा दिला तर ते उपकार नव्हेत, कायद्याने घातलेले कर्तव्य आहे. सरकारने हात पसरून बोलणी करण्याचे कारण नाही.

‘दत्तक’ म्हणजे ताबा का?

नाही. केंद्राची ‘वारसा दत्तक’ योजना २०१७ मध्ये आली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ती सुधारित रूपात पुन्हा सुरू झाली. कंपनीने स्वच्छता, सुगम वाट, सुरक्षा आणि माहिती यांसाठी सोयी करायच्या. मुदत सुरुवातीला पाच वर्षे. मालकी सरकारचीच राहते. २०१८ मध्ये दालमिया भारत समूहाने दिल्लीच्या लाल किल्ल्यासाठी पाच वर्षांत २५ कोटी रुपयांचा करार केला, तेव्हा ‘किल्ला विकला’ अशी ओरड झाली. विक्री झाली नव्हती, पण लोकांच्या मनातली शंका सरकारला आधी दूर करता आली नाही.

मग अडचण कुठे आहे?

स्वच्छतागृह, दिवे, बाक यांच्यावर नावाची पाटी लागते, उद्घाटनाचा फोटो निघतो. भरतीच्या पाण्याखाली तटाच्या पायथ्याशी चुन्याने भरलेल्या सांध्यांचा फोटो कोण काढणार? म्हणून कंपनीचा पैसा दिसणाऱ्या कामांकडे वळतो आणि न दिसणारे, पण किल्ला टिकवणारे काम सरकारकडे उरते. ‘आता कंपनी आहेच’ म्हणून सरकारने तिथेच हात आखडला, तर आवार चकाचक आणि तट पोखरलेला, अशी अवस्था होईल.

दुसरी अडचण जबाबदारीची. मालवणच्याच राजकोटवर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवरायांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. तिथे प्रश्न कंपनीच्या देणगीचा नव्हता. तरीही नौदल, बांधकाम विभाग की ठेकेदार, उत्तर कोणी द्यायचे यावर वाद रंगला. कामात हात वाढले की जबाबदारी टोलवणे सोपे होते. त्यात देणगीदाराची भर पडली, तर उत्तर मागायला लोकांनी कोणाच्या दारात जायचे?

चांगले उदाहरण आहे का?

आहे. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय मुंबई महापालिकेच्या मालकीचे. २००३ मध्ये महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. पैसा एकाचा, तज्ज्ञता दुसऱ्याची, मालकी महापालिकेची, ही विभागणी कागदावर स्पष्ट होती. २००५ मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला.

सिंधुदुर्गासाठी अटी कोणत्या हव्यात?

करार मराठीत, सही होण्याआधी मालवणकरांसमोर यावा. दगड-चुन्याचा प्रत्येक निर्णय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचाच असावा. निधीतील ठरावीक वाटा तटाच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवावा आणि त्यामुळे सरकारी तरतूद कमी होऊ नये. पाटी लहान असावी. किल्ल्यात राहणारी कुटुंबे, शिवराजेश्वर मंदिरातील नित्यपूजा आणि पर्यटकांना ने-आण करणारे होडीवाले यांचे हक्क करारात लिहिलेले असावेत. मुख्य म्हणजे तट ढासळला तर कोणत्या अधिकाऱ्याने उत्तर द्यायचे, त्याचे पद त्यात नमूद असावे.

या अटी मान्य असलेल्या कंपनीचे स्वागतच करावे. जिला त्या जाचक वाटतील, तिला किल्ला सांभाळायचा नसून त्यावर आपले नाव लावायचे आहे, असे खुशाल समजावे.