ड्रायर सारखा ट्रिप होतो? ‘डायरेक्ट’ करून घेऊ नका

रायपूरच्या पुरानी बस्तीत पावसाळा लागला की गच्चीवरचे वाळवण थांबते. बडी, बिजौरी, पापड विकणाऱ्या घरांना आणि महिला बचत गटांना तेव्हा ड्रायरचा आधार असतो. त्यासाठी प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतून (पीएमएफएमई) कर्ज व अनुदान मिळते. पण यंत्र आल्यानंतर त्याच्या सुरक्षेकडे कोण पाहते?

‘डायरेक्ट’ म्हणजे काय?

ड्रायरमध्ये ठरलेल्या तापमानाला हीटर बंद करणारा थर्मोस्टॅट असतो. तो बिघडला तर वीज तोडणारा दुसरा कट-ऑफ असतो. चांगल्या यंत्रात पंखा थांबला की हीटरही आपोआप थांबतो. ऑर्डरची घाई असताना यंत्र सारखे बंद पडू लागले की मिस्त्रीला सांगितले जाते, “डायरेक्ट करून द्या.” तारा थेट जोडल्या की काम सुरू होते, पण आगीपासून वाचवणारी व्यवस्था निघून जाते.

यंत्र बंद पडते त्यामागे बहुतेक वेळा कारण असते. जाळीत भुकटी अडकलेली असते, ट्रे खचाखच भरलेले असतात, पंख्याचा पट्टा सैल झालेला असतो किंवा घराची वायरिंग तो भार पेलत नाही. हवा फिरली नाही की उष्णता एका जागी साठते आणि कोरडा माल पेट घेतो.

मोठ्या कारखान्यातून धडा

३० जून २०२५ रोजी तेलंगणातील पाशमैलारम येथे सिगाची इंडस्ट्रीजच्या कारखान्यात स्फोट होऊन ४० हून अधिक कामगारांचा मृत्यू झाला. तेथे गोळ्या-औषधांत व खाद्यपदार्थांतही वापरली जाणारी सेल्युलोजची भुकटी तयार होत असे. स्फोट भुकटी वाळवण्याच्या विभागात झाल्याचे सुरुवातीच्या बातम्यांत सांगितले गेले. घरगुती ड्रायर त्यापुढे लहान आहे, पण बारीक भुकटी आणि उष्णता दोन्हीकडे असते. उडदाचे पीठ किंवा मिरचीपूडही हवेत उडाली तर पेटू शकते.

तपासणी कोण करणार?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत, वीज वापरणारे युनिट ‘कारखाना’ ठरण्यासाठी किमान २० कामगार लागतात. जुन्या कायद्यात ही संख्या १० होती. म्हणजे तीन-चार जणींच्या युनिटमध्ये कारखाना निरीक्षक सहसा येणार नाही. एफएसएसएआय नोंदणी अन्नाच्या सुरक्षिततेसाठी असते. ती आगीपासून सुरक्षेचा दाखला नव्हे.

अनुदानाचे काय होईल?

योजनेत पात्र खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान मिळते. लाभार्थ्याचा वाटा किमान १० टक्के असतो आणि उरलेले बँकेचे कर्ज असते. अनुदान लगेच हातात येत नाही. कर्जाचा शेवटचा हप्ता मिळाल्यानंतर तीन वर्षे खाते नियमित आणि उद्योग चालू असेल, तरच ते कर्जात वळते होते. दुसऱ्याच वर्षी यंत्र जळाले आणि काम थांबले, तर अनुदान धोक्यात येते आणि कर्ज मात्र राहते. सुरक्षा व्यवस्था काढून टाकलेली आढळली तर विम्याच्या दाव्यातही अडचण येऊ शकते.

काय करावे?

• दरपत्रक घेताना थर्मोस्टॅट, वेगळा कट-ऑफ आणि पंखा-हीटर जोडणी लेखी मागा. अर्ज भरताना जिल्हा संसाधन व्यक्तीची मदत घ्या.
• ड्रायरसाठी वेगळी वायरिंग, योग्य क्षमतेचा एमसीबी आणि अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. एमसीबी पडतो म्हणून मोठा बसवू नका.
• प्रत्येक घाणीनंतर, यंत्र थंड झाल्यावर, जाळी व ट्रे झाडा.
• चालू ड्रायर सोडून कुणीही बाहेर जाऊ नये. रात्री तर नाहीच.
• दाराजवळ अग्निशामक ठेवा. वाटेत पोती रचू नका. अरुंद गल्लीत बंब पोहोचायला वेळ लागू शकतो.
• आग लागल्यास शक्य असेल तर मेन स्विच बंद करा, बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा. विजेच्या आगीवर पाणी टाकू नका.

यंत्र पुन्हा बंद पडले तर आधी जाळी, ट्रे आणि पंखा बघा. तरीही बंद पडत असेल तर ज्याच्याकडून घेतले त्याला बोलवा. एक घाणी उशिरा निघाली तरी चालेल.