वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं, आपण मात्र हसतो

मागच्या बैठकीत आपलाच एक कार्यकर्ता म्हणाला, "हे समलिंगी, ट्रान्स-बिन्स म्हणजे पैशेवाल्यांची थेरं. आपल्याला जात पुरे." सगळे हसले. टाळीसुद्धा पडली. त्या टाळीला हे उत्तर आहे. मी दहावी पास, गोदीत हमाली करणारा माणूस. भाषा रांगडी वाटली तर वाटू द्या.

पैशेवाले कोण, ते आधी बघू. उल्हासनगर पाच नंबरला जीन्सच्या कारखान्यात शिलाई मारणारा माझा एक दोस्त आहे. जन्मला तेव्हा दाईनं मुलगी म्हणून सांगितलं. तो पुरुष आहे. छातीला बँडेज आवळून बारा तास मशीनवर बसतो. उन्हाळ्यात कातडी सोलून निघते, दम लागतो. तापानं फणफणला तरी दवाखान्याची पायरी चढत नाही. एकदा चढला होता. केसपेपरच्या खिडकीवरच्यानं आधार कार्ड बघितलं, तोंड बघितलं आणि आतल्याला हाक मारली, "ये, बघ रे, हे काय आलंय!" अख्खी रांग वळली. दोस्तहो, "हे काय आलंय" ही भाषा ओळखीची नाही वाटत? आपल्या आज्याला पाणवठ्यावर कुठल्या भाषेत हाकलत होते?

मग तो रात्री मोबाईल उघडतो. आता सगळं मोबाईलवर मिळतं म्हणतात. मिळतं, पण इंग्रजीत. आणि पत्ते मुंबईचे. हमसफर ट्रस्ट 1994 पासून काम करतंय, चांगलं करतंय, पण ते सांताक्रूझला. बदलापूरच्या कंत्राटी कामगाराला तिथं जाऊन यायचं तर रोज बुडतो. सरकारनं 25 नोव्हेंबर 2020 ला ओळखपत्रासाठी पोर्टल काढलं, कलेक्टरच्या कचेरीत खेटे नकोत म्हणून. छान. पण घरात मोबाईल एक आणि ओटीपी जातो बापाच्या नंबरवर. ही अडचण दिल्लीत बसून कुणाला सुचणार? शेवटी पोरगा गल्लीतल्या कुणाकडून तरी इंजेक्शन घेतो. टेस्टोस्टेरॉन म्हणजे टॉनिक नव्हे. त्यानं रक्त दाट होतं, हिमोग्लोबिन बघत राहावं लागतं, डोस डॉक्टरनं ठरवावा लागतो. हे त्याला मराठीत कुणी सांगितलं? कुणीच नाही.

सरकारी कागदावर शब्द असतो 'तृतीयपंथी'. ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढं सिग्नलवर टाळी वाजवणारी माणसं उभी राहतात. शिलाई मारणारा, दाढी येण्याची वाट बघणारा हा पोरगा त्या शब्दात कुणाला दिसतच नाही.

अजून एक थेर ऐका. माजलगावचा पोलीस शिपाई ललित साळवे. शस्त्रक्रियेसाठी 2017 मध्ये त्यानं रजा मागितली, खात्यानं नाकारली, त्याला हायकोर्टापर्यंत जावं लागलं. 2018 च्या मे महिन्यात सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. सरकारी रुग्णालय, पी. डिमेलो रोडवर, आमच्या गोदीच्या वाटेवर. शिपायाचा पगार काय असतो ते विचारा आणि मग पैशेवाले म्हणा.

आता बाबासाहेबांचं. जयंतीला डीजे लावणाऱ्यांनी हे कान देऊन ऐकावं. रघुनाथ धोंडो कर्वे 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक चालवत होते. आज पोरं मोबाईलला जे विचारतात, तेच तेव्हा लोक पोस्टानं विचारत आणि कर्वे छापून उत्तर देत. मराठीत, आडपडदा न ठेवता. सनातन्यांनी अश्लीलतेचा खटला भरला. 1934 मध्ये कर्व्यांच्या बाजूनं कोर्टात उभं कोण राहिलं? बॅरिस्टर आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे अश्लील होत नाही, लोकांना प्रश्न आहेत तर उत्तर मिळालं पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद. समलिंगी संबंधांचा मुद्दा निघाला तेव्हाही माघार घेतली नाही, हॅवलॉक एलिसचा आधार दिला. काही माणसं जन्मतः तशी असतात, त्यांना त्यांच्या परीनं सुख मिळवायचा हक्क आहे, हे कोर्टात मांडलं. खटला हरले. कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. पुणे करार होऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. बाबासाहेबांच्या टेबलावर काम कमी होतं काय? की त्यांनाही सांगणार, "साहेब, जात पुरे"?

कायदे आलेत, नाही असं नाही. 15 एप्रिल 2014 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, मी कोण हे मी ठरवणार. 6 सप्टेंबर 2018 ला 377 चा फास सैल केला. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचारात भेदभाव नको म्हणून जी यादी दिलीय, तिच्यात लैंगिक कल आणि जात एकाच कलमात बसलेत. कायद्यानं एका बाकावर बसवलं आणि आपण बाक सोडून उठतोय! 24 ऑगस्ट 2022 ला पारलिंगींसाठी आयुष्मानचं वर्षाला 5 लाखांचं कार्ड जाहीर झालं, त्यात शस्त्रक्रिया आणि हॉर्मोन दोन्ही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, जिथं जिथं मी केसपेपरच्या रांगेत उभा राहिलो, तिथल्या एकाही भिंतीवर ते मला दिसलं नाही. मूळव्याधीच्या जाहिराती मात्र लोकलच्या डब्यापर्यंत.

अंबरनाथ एमआयडीसीतला एक पोरगा, पुरुषांवर प्रेम करणारा, एचआयव्हीची तपासणी टाळत राहिला. का, तर लॅबवाला गल्लीतला. सरकारी रुग्णालयात ती तपासणी फुकट होते, 1097 वर फुकट विचारता येतं, आणि 2017 च्या कायद्यानं संमतीशिवाय रिपोर्ट दुसऱ्याला सांगायला मनाई आहे, हे त्याला गाडीत मी सांगितलं. एका हमालानं! संघटनेनं नाही.

म्हणून मागणी सरळ आहे. विहारात, वाचनालयात लावता येईल असं एक पानी मराठी पत्रक काढायचं: कार्ड कसं, तपासणी कुठं, गल्लीतलं इंजेक्शन का नको. ज्याचा मोबाईल बापाच्या ताब्यात, त्याला ओटीपीसाठी संघटनेचा नंबर. आणि खिडकीवर सोबत उभं राहायला माणसं पाहिजेत, म्हणजे "हे काय आलंय" म्हणणाऱ्याला जागेवर जाब विचारता येईल. माझी सुट्टी सोमवारी असते. सोमवार माझा. बाकीचे पाच वार कोण घेतो, नाव लिहून द्या.