'एक वनस्पती' एवढाच अर्थ?

मराठीच्या संपादित ग्रंथांत एक विलक्षण सोयीची टीप आढळते : 'एक वनस्पती.' जुन्या पोथीत आघाडा येवो, तरवड येवो की गुळवेल. शब्दार्थाच्या रकान्यात एवढे लिहिले की अर्थ लागला असे समजायचे. मोल्सवर्थने निदान लॅटिन नाव तरी दिले होते. नांदेड-लातूरच्या वर्गांत ही टीप आम्हांला अधिकच खटकते, कारण समोर बसलेल्या अनेकांच्या बांधावर ते झुडूप प्रत्यक्ष उभे असते. शिवाय नावे मुलखागणिक बदलतात. आपल्याकडचा तरोटा कोकणात टाकळा होतो. इथे शब्दाला प्रतिशब्द देऊन भागत नाही, चित्रच हवे. औषधी वनस्पतींची जुनी चित्रे म्हणजे वनस्पतिशास्त्राची मिरासदारी असे मानून आपण ती सोडून दिली, आणि त्यात नुकसान मराठीच्या अभ्यासाचे झाले, असे आमचे मत आहे.

'हॉर्टस मलबारिकस' हाच ग्रंथ पाहावा. मलबारमधील डच अधिकारी व्हान र्‍हीड याने सिद्ध करविलेला हा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला बारा खंडांत निघाला. त्यात सातशेंहून अधिक वनस्पती आहेत. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्रांत फांदी, फूल, फळ, आणि सोबत रोमन, मल्याळम, अरबी व नागरी लिप्यांत नावे. लिनियसने १७५३ साली याच चित्रांचे दाखले दिले. अनेक जातींची ओळख आजही त्यांवर टेकलेली आहे.

त्यांतील नागरी नावे कोकणी आहेत. मल्याळी माहिती इट्टी अच्युतन या वैद्याची. कोकणी बाजू सांभाळली रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या कोचीनमधील तिघा वैद्यांनी. दोन वर्षे केलेल्या कामाचा दाखला त्यांनी १६७५ साली नागरीत लिहून दिला. तो पहिल्या खंडात छापलेला आहे. मराठी मुद्रणाचा इतिहास शिकवताना आपण केरीच्या १८०५ च्या व्याकरणाशी थांबतो. त्याच्या सव्वाशे वर्षे आधीचे हे कोरीव नागरी पान आमच्या पाहण्यातील एकाही अभ्यासक्रमात नाही. ते कोकणीत आहे म्हणून सोडावे, तर फादर स्टीफन्सच्या कोकणी व्याकरणाचा उल्लेख आपण कोणत्या हक्काने करतो?

जवळचे उदाहरण कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांचे. टेनिसनच्या 'प्रिन्सेस'वरून 'इंदिरा' (१८८४) रचणारे कवी म्हणून ते वाङ्मयेतिहासात ओळीभर येतात. हे गृहस्थ लष्करी वैद्यकीय सेवेत डॉक्टर होते, आणि बामनदास बसूंसह केलेला त्यांचा 'इंडियन मेडिसिनल प्लांट्स' हा हजारावर चित्रांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९१८ मध्ये अलाहाबादेत प्रसिद्ध झाला, हे आमच्या पिढीला एम.ए.च्या वर्गात कोणी सांगितले नाही.

आमची मागणी लहान आहे. पदवी वर्गासाठी जुना पाठ संपादित करताना वनस्पतीच्या नावाशेजारी रेखाचित्र द्यावे, आणि नांदेड, लातूर, रत्नागिरी अशी ठिकठिकाणची नावे द्यावीत. झाड ओळखणारे सहकारी वनस्पतिशास्त्र विभागात आहेत, नावे सांगणारी जाणती माणसे गावोगाव आहेत. कोचीनच्या तिघा वैद्यांप्रमाणे त्यांचीही नावे त्या पानावर छापावीत.