दुसरी होडी

जानेवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडला आयएलसीए ७ या एकट्यानं चालवायच्या शिडाच्या होडीची जागतिक स्पर्धा झाली. तिथे आपल्या लष्करातला विष्णू सरवणन सव्विसावा आला आणि भारताला पॅरिस ऑलिंपिकची जागा मिळाली. तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं होतं, २६व्या क्रमांकाला ऑलिंपिक कसं मिळतं? विचारण्यात थोडी हेटाळणी होती आणि तिचा मला राग आला होता. पण प्रश्न चुकीचा नव्हता. त्याचं उत्तर शोधायला गेलं की या खेळाची सगळी गोम हाती लागते.

ऑलिंपिकमध्ये सेलिंगच्या प्रत्येक प्रकारात एका देशाची एकच होडी उतरते. पात्रता स्पर्धेत मिळते ती जागाही देशाची, खेळाडूची नव्हे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नेदरलँड्समध्ये हेगला झालेल्या स्पर्धेत अनेक देशांनी आपल्या जागा पक्क्या केल्या होत्या. अ‍ॅडलेडला उरल्या होत्या सात. मग मोजणी अशी झाली: ज्या देशाची जागा आधीच ठरली, त्याचे सगळे खेळाडू सोडून द्या, उरलेल्या देशांतला पहिला धरा, त्याच्याच देशाचा दुसरा सोडा, पुढे चला. विष्णूच्या पुढे असलेल्यांत एकेका देशाचे दोन-दोन, तीन-तीन जण होते. त्यांतले कितीतरी पॅरिसला गेले नाहीत. विष्णू गेला.

म्हणजे सेलिंगमध्ये ऑलिंपिकच्या वाटेवरची सर्वांत अवघड लढाई पुष्कळदा आपल्याच बंदरात होते. २०१९ साली जपानमधल्या साकाइमिनातोला ऑस्ट्रेलियाचा टॉम बर्टन लेझर प्रकारात (आयएलसीए ७ चं हे जुनं नाव) जगज्जेता ठरला. त्याआधी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकचं सुवर्णही त्याचंच. साकाइमिनातोला दुसरा आला मॅट वर्न, तोही ऑस्ट्रेलियाचा. टोकियोसाठी ऑस्ट्रेलियानं निवडलं ते वर्नला. ऑलिंपिक विजेता आणि जगज्जेता असलेला माणूस घरी राहिला. वर्ननं टोकियोत सुवर्ण जिंकलं आणि पॅरिसमध्ये पुन्हा जिंकलं. ब्रिटनचं उदाहरण तर त्याहून कठोर. डिसेंबर २०११ मध्ये पर्थला जाइल्स स्कॉट फिन या एकट्यानंच चालवायच्या होडीच्या प्रकारात जगज्जेता झाला, पण लंडन ऑलिंपिकची एकमेव जागा तोवर बेन एन्स्लीला दिली गेली होती. एन्स्लीनं तिथे आपलं चौथं सुवर्ण घेतलं. स्कॉटनं आणखी चार वर्षं वाट पाहिली आणि मग रिओ आणि टोकियो, दोन्ही ठिकाणी तोच जिंकला.

चार वर्षं, तीही पंचविशीतली, एका जागेसाठी थांबणं काय असेल याचा मी अनेकदा विचार करतो. शरीर तयार, होडीची सगळी अंगं हाताखालून गेलेली, जगात आपल्याइतकं चांगलं कुणी नाही हे सिद्ध झालेलं, आणि तरीही काठावर. स्कॉटनं खेळ सोडला असता तर कुणी दोष दिला नसता. पण एन्स्लीला गाठण्यासाठी त्यानं जी वर्षं घासली, त्यांनीच त्याला घडवलं असं माझं ठाम मत आहे. आणि एन्स्लीलाही पाठीवर स्कॉट असल्यामुळे एक दिवस ढिला सोडता आला नाही.

आपल्याकडे नेमकं हेच नाही.

एकदा मात्र ते होतं. एप्रिल २०२१ मध्ये ओमानच्या मुसन्नाला टोकियोसाठी आशियाई पात्रता स्पर्धा झाली. महिलांच्या लेझर रेडियलमध्ये, म्हणजे लेझरच्याच थोड्या लहान शिडाच्या प्रकारात, चेन्नईच्या नेत्रा कुमाननचा पाठलाग सर्वांत जवळून कोण करत होतं, तर आपलीच रम्या सरवणन, विष्णूची बहीण. जागा देशाला एकच. नेत्रानं आघाडी राखली आणि सेलिंगमध्ये ऑलिंपिकला पात्र ठरलेली ती पहिली भारतीय स्त्री झाली. विष्णूही तिथेच पात्र ठरला, आणि के. सी. गणपती व वरुण ठक्कर ही ४९-ईआर प्रकारातली जोडीसुद्धा. टोकियोत भारताच्या पहिल्यांदाच तीन होड्या उतरल्या. बातम्यांत ‘पहिली भारतीय स्त्री’ हे शब्द मोठे होते, ते योग्यच. पण मला त्या स्पर्धेतली खरी मोलाची गोष्ट दुसरीच वाटते: दोन भारतीय मुली एका जागेसाठी परस्परांशी झुंजत होत्या.

सेलिंगमध्ये प्रतिस्पर्धी इतका का लागतो, हे होडीत न बसलेल्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. आयएलसीए ही जेमतेम सव्वाचार मीटरची होडी. एक शीड, एक सुकाणू, एक माणूस. पुरुषांच्या होडीचं शीड सुमारे सात चौरस मीटर, स्त्रियांचं पावणेसहाच्या आसपास. होडी कलू नये म्हणून पायांवरच्या पट्ट्यात पावलं अडकवून अख्खं धड पाण्यावर बाहेर टाकायचं आणि तसंच तोलत राहायचं, मांड्या पेटतात. हे सगळं एकट्यानं घोटता येतं. एकट्यानं शिकता येत नाही ती शर्यत. चाळीस-पन्नास होड्या एका काल्पनिक रेषेमागे घुटमळत असतात, शेवटचं मिनिट सुरू होतं, प्रत्येकाला शेजाऱ्याचा वारा न खाता मोकळी जागा हवी असते, आणि इशाऱ्याआधी नाक रेषेपलीकडे गेलं तर शर्यत हातची जाते. वारा कुठून फिरणार, डावीकडे जायचं की उजवीकडे, प्रतिस्पर्ध्याचा वारा अडवायचा की आपली वाट धरायची, हे निर्णय ताफ्यात शिरल्याशिवाय अंगात मुरत नाहीत. तालमीत जोड नसलेला पैलवान नुसताच जोर-बैठका काढतो, तसं होतं. शर्यत चालू असताना प्रशिक्षक बाहेरून काही सांगूही शकत नाही.

ऑलिंपिकला आयएलसीएच्या होड्या आयोजकच देतात, सगळ्यांना सारख्या. त्यामुळे श्रीमंत देशाची होडी जास्त वेगवान, असं काही नसतं. पैसा लागतो तो त्याआधी, ताफ्यात राहण्यासाठी. मोठ्या शर्यतींचा हंगाम युरोपात, वसंतापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत: माजोर्काचं पाल्मा, फ्रान्सचं इएर, जर्मनीचं कील. नेत्रा स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर हंगेरीच्या तमाश एसेस यांच्याकडे राहून शिकली. तिथे तिला रोज सराव करायला इतर देशांच्या मुली मिळाल्या आणि २०२० च्या जानेवारीत मायामीला तिनं विश्वचषक मालिकेतलं कांस्य जिंकलं. हे सुख स्वस्त नाही. प्रशिक्षक, भाड्याची होडी, प्रशिक्षकाची मोटरबोट, तिचं इंधन, घरभाडं. शिवाय शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. शेंगेन देशांतल्या मुलीला ही मोजदाद कधी करावीच लागत नाही. आणि ज्या महिन्यांत युरोपात खेळ ऐन भरात असतो, त्या महिन्यांत आपल्या मुंबई बंदरात पावसाळा असतो आणि छोट्या होड्या किनाऱ्यावर उलट्या टाकलेल्या असतात. हैदराबादचा हुसेनसागर मात्र त्या काळात चालतो.

तरीही पॅरिसमध्ये, म्हणजे प्रत्यक्षात मार्सेयच्या समुद्रात, काय झालं पाहा. विष्णू टोकियोत ३५ जणांत विसावा होता, मार्सेयला ४३ जणांत अठरावा. नेत्रा टोकियोत ४४ जणींत पस्तिसावी होती, मार्सेयला ४३ जणींत एकविसावी. तिथली पहिलीच शर्यत तिनं सहाव्या क्रमांकानं संपवली. पदकाच्या निर्णायक शर्यतीत पहिले दहाच जातात, आणि त्या दहापासून आपला माणूस आठ पायऱ्या लांब होता. मोसमी वाऱ्यामुळे मुंबईसारखं बंदर वर्षातले चार महिने बंद असलेल्या देशासाठी ही सामान्य गोष्ट नाही. ‘पदक नाही, पात्र ठरून उपयोग काय’ असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे पुन्हा वाचावेत. नेत्रानं तर पॅरिसची जागा अगदी अखेरच्या संधीत, एप्रिल २०२४ मध्ये इएरला मिळवली होती. तिथे ती एकूण पाचवी आली आणि उदयोन्मुख देशांसाठी राखलेली जागा तिनं घेतली. त्या आठवड्यात एखाद-दोन शर्यती बिघडल्या असत्या, तर तीन वर्षांचं काम पाण्यात गेलं असतं.

आपल्या सेलिंगला परंपरा नाही असंही नाही. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये, कीलच्या पाण्यात, सोली कॉन्ट्रॅक्टर आणि ए. ए. बासित उतरले होते. १९८२ च्या आशियाई खेळांतलं सेलिंग तर मुंबई बंदरातच झालं आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल प्रकारात सुवर्ण जिंकलं. तारापोर पुढे १९८४, १९८८ आणि १९९२ अशा तीन ऑलिंपिकला गेले, दर वेळी वेगळा जोडीदार घेऊन. पण २०१२ आणि २०१६ ला आपलं कुणीच नव्हतं. ही साखळी दरवेळी एखाद्या चिवट माणसापाशी येऊन तुटते. माणूस थकला की खेळ थकतो.

इथे पैशांविषयी स्पष्ट बोलायला हवं. केंद्र सरकारच्या ‘टॉप्स’ योजनेतून निवडक खेळाडूंना परदेशी सरावासाठी मदत मिळते आणि तिचा नेत्राला व विष्णूला उपयोग झाला, हे मान्य. पण ती मदत त्या एका माणसाला ताफ्यापर्यंत पोचवते, आपल्याकडे ताफा तयार करत नाही. पदकानंतर जाहीर होणारी बक्षिसं तर आणखी दूरची. त्यातला थोडा हिस्सा जरी दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या होड्यांवर गेला, तरी चित्र पालटेल असं मला वाटतं. त्या वयाची मुलं ऑप्टिमिस्ट चालवतात, अडीच मीटरपेक्षाही लहान, चौकोनी नाकाची होडी. ती महाग यंत्रणा नाही. शिकवणारा लागतो, पोहणं लागतं, आणि एकाच वेळी पाण्यात वीस तरी मुलं लागतात.

हे स्वप्नरंजन आहे असं कुणी म्हणेल, तर भोपाळकडे पाहावं. मध्य प्रदेशाला समुद्र नाही. तिथल्या मोठ्या तलावावर नॅशनल सेलिंग स्कूल आहे, आणि त्यातून घडलेल्या नेहा ठाकूर या देवासच्या शेतकरी कुटुंबातल्या मुलीनं २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत छोट्या शिडाच्या आयएलसीए ४ मध्ये रौप्य मिळवलं. विष्णूचं कांस्य त्याच स्पर्धेतलं. हैदराबादच्या यॉट क्लबात वस्तीतली मुलं शिकतात. हा खेळ श्रीमंतांचाच, हा समज आपल्या जुन्या क्लबांच्या बंद दारांमुळे पक्का झाला. त्या दारांबाहेर लष्कर, नौदल आणि अशा शाळांनी तो केव्हाच खोटा ठरवला आहे. विष्णूही मुंबईतल्या लष्कराच्या यॉटिंग केंद्रात वाढलेला.

हाँगकाँगला मिळालेलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण सेलिंगचंच. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकला ली लाइ-शाननं विंडसर्फिंगमध्ये ते जिंकलं. ती च्युंग चाऊ या मच्छीमारांच्या बेटावरची मुलगी. माझ्या डोळ्यांसमोर लगेच मालवण, हर्णे, अलिबाग आणि वसईचे किनारे येतात. दुपारी खारे वारे कधी धरतील आणि ओहोटीला खाडीचं पाणी कुठल्या बाजूनं ओढील, हे तिथल्या पोरांना शाळेच्या पुस्तकातून शिकावं लागत नाही. म्हणून ती आपोआप शर्यती जिंकतील असा भाबडेपणा मी करणार नाही. मासेमारीचं पाणी वेगळं, शर्यतीचं वेगळं. नियमांचं जाड पुस्तक वेगळं. ते नियम त्यांना मराठीत समजावून सांगणारा माणूस पगारावर ठेवावा लागेल. पण सुरुवात कुठून करायची, याबद्दल मला शंका नाही.

आणि मुलं घडली, तर ती एकमेकांविरुद्धच घडली पाहिजेत. सायप्रसला ऑलिंपिकच्या इतिहासातलं पहिलं पदक २०१२ मध्ये मिळालं, ते पाव्लोस कोंटिडीसचं, लेझरमध्ये; पॅरिसला त्यानं पुन्हा रौप्य आणलं. सायप्रसमध्ये त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. म्हणून तो वर्षानुवर्षं क्रोएशियाच्या तोंची स्टिपानोविचबरोबर, आपल्या थेट प्रतिस्पर्ध्याबरोबर, सराव करत राहिला. स्टिपानोविचची रिओ आणि टोकियोतली रौप्यपदकं त्याच सरावातून आली. आपल्या संघटनेनं आणि क्रीडा मंत्रालयानं उद्याच करता येईल अशी ही गोष्ट आहे: पुढच्या मोसमात एकट्या अव्वल खेळाडूला परदेशी धाडण्याऐवजी त्याच्याबरोबर दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकालाही धाडा, एकाच प्रशिक्षकाकडे, एकाच बंदरात, आणि ऑलिंपिकच्या जागेचा निकाल त्यांच्या आपसातल्या शर्यतींवर लावा. खर्च वाढेल. विमानाची दोन तिकिटं आणि दोन होड्यांचं भाडं वाढेल.