पत भाडेकरूची आणि घरमालकाची

मुंबई-पुण्यात भाड्याचे घर शोधणाऱ्याला नोकरी, कुटुंबातील माणसे, खाणे-पिणे आणि कधी कधी जातधर्मही विचारला जातो. ‘सिबिल’चा गुणांक मात्र सहसा कोणी विचारत नाही. अमेरिकेत नेमके उलट आहे. तेथे भाडेकरूचा पतअहवाल मागवण्याची रीत सर्रास असून, ३०० ते ८५० या पट्टीवरील एका आकड्यावर घर मिळणे न मिळणे ठरू शकते. महाराष्ट्रातून नव्याने तेथे गेलेल्या अभियंत्यालाही याचा फटका बसतो. त्याची पत वाईट नसते, ती मुळात नसतेच.

यावरून पत बिघडलेल्या माणसाला आपल्याकडे घर सहज मिळते, असा समज होईल. वस्तुस्थिती तशी नाही. येथे पतअहवालाचे काम अनामत रक्कम करते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये लिव्ह अँड लायसन्स कराराच्या अनामतीला कमाल मर्यादा नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडे कायद्यात निवासी जागेसाठी ती दोन महिन्यांच्या भाड्याएवढी आहे. परंतु राज्याने स्वीकारल्यावाचून तो लागू होत नाही, आणि महाराष्ट्रातील व्यवहार १९९९ च्या कायद्यानेच चालत आले आहेत. २५ हजार रुपये भाड्याच्या घरासाठी दीड लाखाची अनामत मागितली गेली, तर नोकरी गेल्याने क्रेडिट कार्डाची देणी थकलेल्या माणसाने ती आणायची कोठून? बँक वैयक्तिक कर्जासाठी त्याला दारात उभे करीत नाही. मग घरातले सोने गहाण पडते, नातेवाइकांपुढे हात पसरावे लागतात, नाही तर खासगी सावकार गाठला जातो. अकरा महिन्यांनी घर बदलायची वेळ आली, की जुन्या मालकाकडून रक्कम परत येण्यापूर्वीच नव्या मालकाला द्यावी लागते. दलाली वेगळीच.

ही अनामत बिनव्याजी असते. सरकार मात्र तिला फुकटची मानत नाही. मुद्रांक शुल्क आकारताना परत करावयाच्या अनामतीवर वार्षिक १० टक्के व्याज धरून ते भाड्यात मिळवले जाते. तीन लाखांच्या अनामतीवर हा आकडा वर्षाला ३० हजार, म्हणजे महिन्याला अडीच हजार रुपये होतो. हे छुपे भाडेच म्हटले पाहिजे. शिवाय वर्षानुवर्षे वेळेवर भरलेले भाडे पतअहवालात सहसा नोंदलेच जात नाही. थकलेला हप्ता मात्र तेथे वर्षानुवर्षे दिसत राहतो.

मुंबईतील ‘हेवी डिपॉझिट’चा प्रकार याहून विचार करण्यासारखा आहे. यात एकरकमी मोठी रक्कम द्यायची आणि भाडे नाममात्र किंवा अजिबात नाही. येथे भाडेकरू धनको ठरतो आणि घरमालक ऋणको. तरी चौकशी होते ती भाडेकरूचीच! मालकाने त्याच घरावर काढलेले कर्ज थकले, तर बँक २००२ च्या सरफेसी कायद्यान्वये घराचा ताबा घेऊ शकते. तेव्हा नोंदणी न केलेला करार घेऊन बसलेल्या कुटुंबाला घरही जाते आणि लाखो रुपयेही अडकतात. घरावर कर्ज आहे काय, हे सोसायटीकडे विचारता येते. कोणी विचारत नाही, कारण घर हातचे जाईल ही भीती. कराराची नोंदणी करण्याची जबाबदारी तर १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने घरमालकावरच टाकली आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही.

पतअहवाल कोणी पाहावा, यावर २००५ च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्याने बंधने घातली आहेत. घरमालकाला तो परस्पर मिळत नाही. पण नागरिकाला स्वतःचा अहवाल २०१७ पासून वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. तोच ‘आणून दाखवा’ असे मालकाने म्हटले, तर गरजू माणूस नाही म्हणणार नाही. अमेरिकेत १९७० च्या कायद्यानुसार अहवालामुळे घर नाकारल्यास तसे अर्जदाराला कळवावे लागते. आपल्याकडे दलालाचे ‘मालकांनी दुसऱ्याला दिले’ एवढे उत्तर पुरते.

अहवालातील चूक दुरुस्त करून घेण्याचा मार्ग मात्र २०२४ पासून थोडा सुकर झाला आहे. तक्रारीचे ३० दिवसांत निराकरण न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम त्या वर्षी एप्रिलमध्ये अमलात आला.