ई-रीडर घ्यावा की छापील पुस्तकं? घर बदलताना केलेला हिशोब

येत्या महिन्यात आम्ही घर बदलतोय. काशीगावातच, पण हायवेजवळच्या इमारतीतून आतल्या गल्लीत. अकरा महिन्यांचा करार संपला की मीरा रोड-भाईंदरच्या भाडेकरूंचं हे ठरलेलंच. सामान बघायला आलेल्या टेम्पोवाल्याने फ्रिज बघितला, कपाट बघितलं आणि मग कोपऱ्यातल्या सहा खोक्यांकडे बोट दाखवलं. "ताई, यात काय आहे?" पुस्तकं म्हटल्यावर त्याने चौथा मजला आणि लिफ्ट नाही, या दोन गोष्टींची आठवण करून दिली आणि भाडं वाढवून सांगितलं.

धाकटा भाऊ लगेच म्हणाला, "ताई, सगळी रद्दीत घाल आणि एक किंडल घे. अख्खी लायब्ररी बॅगेत मावेल."

ऐकायला एकदम बरोबर. वन आरकेमध्ये तीन माणसं राहतात, तिथे सहा खोकी म्हणजे एका माणसाची झोपायची जागा. पण रद्दीवाल्याला बोलवायच्या आधी मी आठवडाभर नीट माहिती काढली. तेव्हा लक्षात आलं की 'कागद की स्क्रीन' हा अर्धाच प्रश्न आहे. मराठी वाचकासाठी उरलेला अर्धा प्रश्न असा: हवं ते पुस्तक त्या डिव्हाइसवर मिळेल का, आणि पैसे मोजल्यावर ते खरंच आपलं होईल का?

ई-रीडर म्हणजे छोटा टॅब नव्हे

आपल्यापैकी बहुतेकांनी ई-बुक वाचलंय ते मोबाइलवर. त्यामुळे 'स्क्रीनवर डोळे दुखतात' हा अनुभव आपण ई-रीडरलाही चिकटवतो. दोन्हींचं तंत्र वेगळं आहे.

मोबाइलची स्क्रीन स्वतः प्रकाश बाहेर टाकते. ई-रीडरमध्ये ई-इंक असते. या पडद्यात अतिशय बारीक कॅप्सूल असतात आणि त्यांत काळे-पांढरे कण तरंगत असतात. दोन्ही रंगांच्या कणांवर विरुद्ध विद्युतभार असतो. करंट दिला की हवे ते कण वर येतात आणि अक्षर उमटतं. एकदा उमटलं की ते टिकवायला वीज लागत नाही, फक्त पान उलटताना लागते. म्हणून एका चार्जवर आठवडे निघतात. अंधारात वाचायला दिवे असतात, पण ते कागदावर टेबललॅम्पचा उजेड पडावा तसे पानावर प्रकाश टाकतात. हे तंत्र अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमधल्या संशोधनातून आलं आणि १९९७ मध्ये त्यातून ई-इंक नावाची कंपनी निघाली. पहिला किंडल आला नोव्हेंबर २००७ मध्ये.

आणखी एक फायदा मला लोकलमध्ये जाणवला. मैत्रिणीचा किंडल दोन दिवस वापरायला घेतला होता. मीरा रोडहून सुटलेल्या गाडीत एका हाताने कडी धरून सातशे पानांची कादंबरी वाचता येत नाही, ई-रीडर वाचता येतो. शिवाय त्यावर व्हॉट्सॲपची नोटिफिकेशन येत नाही, रील्स नाहीत. मोबाइलवर मी दहा मिनिटांत तीनदा पुस्तक सोडून भलतीकडे जाते. इथे जायला जागाच नव्हती.

पैशांचं गणित

एप्रिल २०२५ मध्ये भारतात आलेल्या नव्या किंडल पेपरव्हाइटची किंमत १६,९९९ रुपये होती. समजा, एखादं छापील मराठी पुस्तक ३०० रुपयांना आहे आणि त्याचं ई-बुक १५० ला मिळतं. म्हणजे एका पुस्तकामागे १५० रुपये वाचले. डिव्हाइसचे पैसे वसूल व्हायला ११३-११४ पुस्तकं विकत घ्यावी लागतील. महिन्याला एक पुस्तक वाचणाऱ्याला नऊ वर्षं. प्रत्येक पुस्तकात फरक एवढा मोठा असेलच असंही नाही. 'पैसे वाचतात' म्हणून कोणी ई-रीडर घेत असेल तर हा आकडा आधी बघावा.

करातही फरक आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ज्या पुस्तकाची छापील आवृत्ती आहे त्याच्या ई-बुकवर २०१८ पासून ५ टक्के कर ठरला, आणि जे फक्त ई-बुक म्हणूनच निघतं त्याला ही सवलत नाही.

मग छापील पुस्तकं स्वस्त राहतील का? तिथेही दोन गोष्टी घडल्या आहेत. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलात पुस्तकं करमुक्तच राहिली, पण छपाईच्या बऱ्याचशा कागदावरचा कर १२ वरून १८ टक्क्यांवर गेला. पुस्तकावर कर नसल्यामुळे प्रकाशकाला कागदावर भरलेला कर वळता करून घेता येत नाही, तो खर्चात मिसळतो. दुसरी गोष्ट टपालाची. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने पुस्तकांसाठीची जुनी स्वस्त रजिस्टर्ड सेवा बंद केली, तेव्हा छोट्या प्रकाशकांची पंचाईत झाली. मग १ मे २०२५ पासून 'ग्यान पोस्ट' आली. तिचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये ते ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पुण्याहून पुस्तकं मागवणाऱ्यांनी हा पर्याय दुकानदाराला विचारून बघावा.

मराठी पुस्तकं मिळतात का?

खरी अडचण इथे सुरू होते. इंग्रजी वाचणाऱ्याला हा प्रश्न फारसा पडत नाही, आपल्याला पडतो.

किंडलवर मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ पासून मिळतात. पण दुकानात दिसणारं प्रत्येक मराठी पुस्तक तिथे असेलच असं नाही. मराठी ई-बुकांचं दुसरं मोठं ठिकाण बुकगंगा, पण तिथली ई-बुकं त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये वाचायची असतात. ती किंडलवर उघडत नाहीत. ती ई-इंकवर वाचायची असतील तर अँड्रॉइडवर चालणारा, ॲप टाकता येणारा ई-रीडर लागतो, उदाहरणार्थ ओनिक्स बुक्सचे. म्हणजे आधी पुस्तकं कुठून घेणार ते ठरवा, मग डिव्हाइस. आपण बहुतेक वेळा उलटं करतो.

फुकट आणि कायदेशीर पुस्तकंही भरपूर आहेत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून 'श्यामची आई' २०११ पासून सर्वांसाठी खुलं आहे. मराठी विकिस्रोतावर अशी जुनी पुस्तकं ईपब स्वरूपात उतरवता येतात, आणि २०२२ पासून ईपब फाइल किंडलवर पाठवता येते. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकं त्यांच्या साइटवर मोफत आहेत. ई साहित्य प्रतिष्ठान तर कितीतरी वर्षं नव्या-जुन्या लेखकांची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत देतंय.

पण पीडीएफ म्हटलं की सावध. पीडीएफ म्हणजे पानाचा फोटोच समजा. सहा-सात इंचांच्या पडद्यावर अक्षर मुंगीएवढं होतं, मोठं केलं तर ओळ पडद्याबाहेर जाते. ईपबमध्ये अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने बसतात. त्यात मराठीची अजून एक भानगड आहे. बरीच जुनी पुस्तकं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप झाली आहेत. त्यांचं ई-बुक करायचं तर मजकूर युनिकोडमध्ये आणून पुन्हा मुद्रितशोधन करावं लागतं. हे काम घाईत उरकलं की जोडाक्षरं फुटतात. म्हणून मराठी ई-बुक घेण्याआधी सॅम्पल उघडून दोन पानं वाचाच.

घेतलेलं ई-बुक आपलं असतं का?

काही वर्षांपूर्वी मी एका ॲपवर सात मराठी पुस्तकं विकत घेतली होती. ॲप बंद झालं. पुस्तकं गेली. रक्कम मोठी नव्हती, म्हणून कोणाशी भांडलेही नाही. पण त्यातलं एक अर्धं राहिलं होतं, ते अजून अर्धंच आहे.

हे फक्त माझ्याच बाबतीत झालंय असं नाही. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या वादातून ग्राहकांच्या किंडलमधून ऑर्वेलची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' परस्पर पुसली. पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-बुकांचं दुकान बंद केलं, तेव्हा घेतलेली पुस्तकंही गेली, पैसे परत मिळाले. आणि २६ फेब्रुवारी २०२५ पासून, घेतलेलं किंडल पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने डिव्हाइसमध्ये टाकायची सोय ॲमेझॉनने काढून टाकली.

कारण साधं आहे. बहुतेक ठिकाणी आपण पुस्तक नाही, ते वाचायचा परवाना घेतो. छापील प्रत एकदा घेतली की ती वाचून मैत्रिणीला देता येते, विकता येते, गावच्या वाचनालयाला देता येते. कायदा आड येत नाही. परवान्याचं तसं नाही. माझं ई-बुक भावाला द्यायचं तर त्याला माझं अकाउंट द्यावं लागेल.

आपल्याकडे एक पुस्तक घरातली चार माणसं आणि शेजारची दोन वाचतात. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून हेच करतंय, एक प्रत अनेकांना वाचायला देतंय. ई-बुकांच्या किमतींची तुलना करताना ही गोष्ट कोणी धरत नाही. ३०० चं पुस्तक सहा जणांनी वाचलं तर डोई ५० रुपये पडले.

अभ्यासासाठी काय बरं?

भाऊ एमपीएससी करतोय. त्याच्या नोट्स मोबाइलवर, टेस्ट सिरीज मोबाइलवर. त्याला मी २०१८ मधल्या एका मोठ्या विश्लेषणाबद्दल सांगितलं. त्यात २००० ते २०१७ या काळातले ५४ अभ्यास आणि १ लाख ७० हजारांहून जास्त वाचक एकत्र तपासले होते. निष्कर्ष असा की माहितीपर मजकूर कागदावर वाचला तर जरा जास्त समजतो, आणि वेळेचं बंधन असेल तेव्हा हा फरक वाढतो. गोष्ट-कादंबरीत मात्र असा फरक दिसला नाही. त्यातली 'स्क्रीन' म्हणजे फक्त ई-रीडर नव्हे, कॉम्प्युटर वगैरेही धरले होते, हे लक्षात ठेवायला हवं. पण इतिहास, राज्यघटना, अर्थव्यवस्था कागदावर आणि कादंबरी कशावरही, एवढा नियम करायला हरकत नाही.

"मग माझी पुस्तकं रद्दीत नाही ना?" त्याने विचारलं. रद्दीचा विषय त्यानेच काढला होता.

ग्रुपवरची पीडीएफ

हे टाळून चालणार नाही. कितीतरी जणांचा खरा 'ई-रीडर' म्हणजे टेलिग्राम. 'मृत्युंजय'ची पीडीएफ कोणी ना कोणी टाकतंच. शिवाजी सावंत २००२ मध्ये गेले, म्हणजे त्या पुस्तकाचा कॉपीराइट २०६२ च्या अखेरपर्यंत आहे. मराठीत बहुतेक पुस्तकांची आवृत्ती फार तर हजारभर प्रतींची असते. पाच हजार लोकांच्या ग्रुपवर अख्खं पुस्तक पडलं की प्रकाशक पुढच्या वेळी ई-बुक काढायलाच घाबरतो. मग आपणच तक्रार करतो की मराठीत ई-बुकं मिळत नाहीत. पैसे नसतील तर वाचनालयाचं सभासद व्हा. अगदी कमी पैशांत काम होतं.

मग घ्यायचं काय?

विकत घेण्याआधी हे बघा:

- तुम्हाला हवी असलेली दहा पुस्तकं लिहून काढा आणि ती कुठल्या दुकानात ई-बुक म्हणून आहेत ते शोधा. चारच मिळाली तर डिव्हाइस घेऊ नका.
- महिनाभर मोबाइलवर, नोटिफिकेशन बंद करून, एक ई-बुक पूर्ण वाचा. एकही पूर्ण होत नसेल तर महागडा ई-रीडर ती सवय लावेलच असं नाही.
- इंग्रजीही भरपूर वाचत असाल, प्रवास रोजचा असेल, घर लहान असेल, तर ई-रीडर चांगला उपयोगी पडतो.
- परत परत उघडायची, कोणाला द्यायची, अभ्यासाची पुस्तकं छापीलच घ्या.

आमच्या सहा खोक्यांचं असं झालं. भावाची पुस्तकं एका खोक्यात, ती येणार. दोन खोकी वाचून झालेल्या कादंबऱ्यांची, ती गावच्या वाचनालयात जाणार, फोन करून विचारलंय. इंग्रजी थ्रिलरचं एक खोकं मैत्रिणींना वाटलं. ती मी यापुढे ई-रीडरवर वाचेन, सेकंडहँड बघतेय. एका खोक्यात जुने गाइड आणि मासिकं निघाली, ती खरंच रद्दी होती.

सहावं खोकं आईचं. त्यात तिचं नाव आणि तारीख घातलेलं 'मृत्युंजय' आहे, पहिली पन्नास पानं सुटी झालेलं. आईला मी मैत्रिणीच्या किंडलवर अक्षर मोठं करून दाखवलं. चष्म्याशिवाय वाचता आलं म्हणून तिला आवडलं. "हे घे मला," म्हणाली, "पण खोकं टेम्पोत चढव." टेम्पोवाल्याला मी दोन खोक्यांचं सांगितलंय. भाडं थोडं कमी केलंय त्याने.